दोन शब्दांमधली रेघ



एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालणारी ही व्याख्यानमाला. अशा ठिकाणी शिक्षणाच्या भवितव्यावर बोलायची पद्धत आहे. भवितव्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं खरं-खोटं ठरायला ते भवितव्य उजाडावं लागतं, त्यामुळे त्यांचं बरं चाललेलं असतं. मी आज एका साध्या आकृतीबद्दल बोलणार आहे. कागदाच्या मधोमध एक शब्द, त्यातून फुटणाऱ्या फांद्या, फांद्यांना डहाळ्या. तिला आता मराठीतही सगळे माइंड मॅपच म्हणतात. तिच्या भावकीतली दुसरी आकृती आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘संकल्पनाचित्र’ या नावानं नांदते आहे. ‘संकल्पनाचित्र पूर्ण करा’ ही सूचना इतिहासाच्या स्वाध्यायात कधी वाचलीच नाही, असा अलीकडचा नववी-दहावीचा विद्यार्थी महाराष्ट्रात सापडणं कठीण.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये डोकावलात तर स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या टेबलांसमोर असे नकाशे चिकटवलेले दिसतात. काही हातानं काढलेले, बरेचसे विकतचे. माझं आजचं म्हणणं या विकतच्या नकाशांपासून सुरू होतं. माइंड मॅप ही काढायची वस्तू आहे, वाचायची नव्हे. दुसऱ्यानं काढलेला नकाशा पाठ करणं आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या नोट्स पाठ करणं, यांत फरक असलाच तर रंगांचा. आणि स्वतः काढतानासुद्धा फांदीच्या टोकाला काय लिहिलं त्यापेक्षा दोन शब्दांना जोडणाऱ्या रेघेवर काय लिहिलं, याला मी जास्त गुण देईन.

माइंड मॅप या नावाचा आणि तंत्राचा प्रसार केला टोनी बुझान या इंग्रज लेखकानं. जन्म लंडनचा, १९४२चा. १९७४ साली बीबीसीवर त्याची ‘यूज युवर हेड’ ही मालिका आली, त्याच नावाचं पुस्तक आलं आणि पुढे २०१९मध्ये मृत्यू येईपर्यंत हा माणूस जगभर हेच सांगत हिंडला. त्याचे नियम सोपे होते. कागद आडवा धरा. मधोमध शब्दाऐवजी चित्र काढा. फांद्या वळणदार काढा, मुळाशी जाड आणि टोकाकडे बारीक. तीन तरी रंग वापरा. एका रेघेवर एकच शब्द लिहा.

या नियमांमागे बुझाननं जे मेंदूशास्त्र उभं केलं, ते मात्र फारसं टिकण्यासारखं नाही. रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञानं मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा दुवा शस्त्रक्रियेनं कापलेल्या रुग्णांवर प्रयोग केले, त्याबद्दल त्याला १९८१ साली नोबेल मिळालं. प्रयोग अस्सल होते. पण त्यांवरून ‘डावा मेंदू शब्दांचा, उजवा चित्रांचा आणि स्केचपेनांनी दोन्ही एकदम जागे होतात’ असा निष्कर्ष निघत नाही. माइंड मॅपच्या शिबिरांत अजूनही पहिल्याच स्लाइडवर दोन रंगांत विभागलेला मेंदू असतो. ती स्लाइड आली की मी घड्याळाकडे बघतो.

तरीही बुझानला मोडीत काढायचं कारण नाही. पान भरून लिहिलेल्या मजकुरातून एकच शब्द निवडायचा म्हटला की विद्यार्थ्याला काहीतरी टाकावं लागतं, आणि काय टाकायचं हे ठरवण्यासाठी मजकूर समजावा लागतो. लंडनच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवर केलेली एक पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. एका गटानं माइंड मॅप काढून अभ्यास केला, दुसऱ्यानं आपापल्या पद्धतीनं. आठवड्यानंतर माइंड मॅपवाल्यांना थोडं जास्त आठवत होतं. मात्र या पद्धतीनं अभ्यास करायचा उत्साह त्यांच्यात दुसऱ्या गटापेक्षा कमी होता. मला या पाहणीतला हा दुसरा भाग अधिक विश्वासार्ह वाटतो. नकाशा काढणं कष्टाचं आहे. ज्याला तो मजेचा खेळ वाटतो, त्यानं बहुधा फक्त रंगकाम केलेलं असतं.

आता भावकीतल्या दुसऱ्या आकृतीकडे येतो. तिचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक लांबलचक अभ्यास करत होते. पहिली-दुसरीतल्या मुलांना विज्ञानातल्या मूळ कल्पना शिकवायच्या आणि पुढे तीच मुलं मोठी होत जातील तसं त्यांना काय कळलंय ते मुलाखती घेऊन पाहायचं. हा अभ्यास बारा वर्षं चालला. अडचण अशी झाली की मुलाखतींच्या लेखी प्रतींचा ढीग साचला आणि त्यातून एखाद्या मुलाच्या समजुतीत नेमकं काय बदललं ते दिसेना. तेव्हा त्यांनी मुलाच्या बोलण्यातल्या कल्पना चौकटींत लिहिल्या, व्यापक कल्पना वर, बारकावे खाली, आणि चौकटी रेघांनी जोडून प्रत्येक रेघेवर ते मूल त्या दोहोंत कोणता संबंध सांगतं ते लिहिलं. गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या, मुळं वर आणि फांद्या खाली असलेल्या अश्वत्थासारखी ही आकृती दिसते. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना ती परकी वाटायची नाही.

म्हणजे संकल्पनाचित्र निघालं ते शिकवण्यासाठी नव्हे आणि टिपणं सुबक दिसावीत म्हणूनही नव्हे. मुलांचं म्हणणं मोठ्यांना नीट ऐकू यावं म्हणून निघालं. नोवाक यांच्यामागे डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचा विचार होता. मुलाला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधा आणि तिथून शिकवायला लागा, हे त्यानं १९६८च्या आपल्या ग्रंथात ठासून सांगितलं होतं. हे ऐकताना मला कोसबाडची टेकडी आठवते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तिथल्या आदिवासी मुलांना शिकवताना जंगल, गुरं, बिया, दगड यांतूनच सुरुवात केली. त्यांनी आकृत्या काढल्या की नाही हा प्रश्न गौण आहे.

माइंड मॅप आणि संकल्पनाचित्र यांतला फरक आपल्याला घरच्या उदाहरणावरून चटकन कळेल. माइंड मॅप म्हणजे वंशावळ. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. कोण कोणापासून आला हे स्पष्ट दिसतं. पण आपल्या जुन्या वंशावळींत लेकी आणि सुना बहुधा नसतात, त्यामुळे सोयरीक दिसत नाही. एका घराण्याची मुलगी दुसऱ्या घराण्यात गेली आणि त्यातून वतनाचा तंटा मिटला किंवा पेटला, हे वंशावळ सांगू शकत नाही. संकल्पनाचित्रात या आडव्या रेघा काढायची मुभा असते, आणि सोयरीक कशी जुळली हे रेघेवर लिहायची सक्तीही.

नोवाक आणि त्यांचे सहकारी गोविन यांनी १९८४च्या पुस्तकात अशा चित्रांना गुण द्यायची एक रीत सुचवली आहे. बरोबर लिहिलेल्या प्रत्येक जोडणीला एक गुण, उतरंडीच्या प्रत्येक योग्य पायरीला पाच, उदाहरणाला एक, आणि दोन वेगळ्या फांद्यांना जोडणाऱ्या खऱ्या, महत्त्वाच्या आडव्या दुव्याला दहा. हे दहा गुण लक्षात असू द्या, पुढे लागतील.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. नववीच्या वर्गात फळ्याच्या मधोमध लिहा: ‘१९७२चा दुष्काळ’. मुलांना घरी जाऊन आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी शब्द येतात: खडी फोडणं, सुकडी, मिलो, पाझर तलाव, मुंबईला गेलेले काका, विकलेली बैलजोडी, कोरडी विहीर, बोअर. पहिल्या अर्ध्या तासात यांचा माइंड मॅप होतो. पाणी, अन्न, काम, स्थलांतर अशा चार-पाच फांद्या पडतात आणि प्रत्येक शब्द आपापल्या फांदीवर जाऊन बसतो. बहुतेक शिक्षक इथे थांबतात. फळा भरलेला दिसतो, मुलं वहीत उतरवून घेतात, तास संपतो.

खरं काम इथून पुढे आहे. मुलांना विचारा, कामाच्या फांदीवरची ‘खडी’ आणि पाण्याच्या फांदीवरची ‘विहीर’ यांचा काही संबंध आहे का? एखादी मुलगी सांगेल की दुष्काळी कामावर खडी फोडली तसे पाझर तलावही खणले, आणि तलावाखालच्या विहिरींना पाणी आलं. रेघ काढा, रेघेवर लिहा. मग विचारा, पुढे अशा कामांचे पैसे कुठून आले? इथे मुलं अडतात आणि पुष्कळदा शिक्षकही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना, तिचा १९७७चा कायदा, २६ जानेवारी १९७९पासून त्याची अंमलबजावणी, हे पुस्तकात मिळेल. पण योजनेला पैसा उभा करण्यासाठी राज्यानं १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा केला. हा कर शिक्षकाच्या पगारपत्रकात दर महिन्याला कापलेला दिसतो. दुष्काळात खडी फोडणारी बाई आणि समोर उभ्या असलेल्या सरांचा पगार यांना जोडणारी ही रेघ आहे. तिला दहा गुण.

आणखी एक. ‘बोअर’ या शब्दापासून भूगोलाच्या तासाकडे रेघ काढा. दख्खनचा काळा पाषाण कठीण, त्यात आड खणायचा म्हणजे सुरुंग लावावे लागतात. वेगानं भोकं पाडणारी यंत्रं आली म्हणून दुष्काळी गावांत कूपनलिका झाल्या. त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप सारखे मोडायचे. महाराष्ट्रात तयार झालेल्या सोलापूर पंपाच्या धर्तीवर पुढे युनिसेफच्या मदतीनं ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप घडला आणि तो देशभर, देशाबाहेरही गेला. लाव्हारसापासून हातपंपापर्यंत तीन रेघा. आणि हातपंपापासून आजच्या आटलेल्या भूजलापर्यंत चौथी, जी काढताना वर्गात भांडण होतं. होऊ द्यावं.

रेघेवर लिहिताना मराठीत एक अडचण येते, ती वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नोवाकची पद्धत इंग्रजीच्या वाक्यरचनेवर बेतलेली आहे: कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. चौकट, रेघ, चौकट असं सरळ वाचलं की वाक्य होतं. मराठीत क्रियापद शेवटी जातं आणि विभक्तीचा प्रत्यय नाहीतर शब्दयोगी अव्यय पहिल्या शब्दाला चिकटतं. ‘पाझर तलाव’ आणि ‘विहिरीचं पाणी’ यांच्यामधल्या रेघेवर ‘मुळे वाढतं’ असं लिहावं लागतं, आणि वाचताना ते फोडून ‘पाझर तलावामुळे विहिरीचं पाणी वाढतं’ असं म्हणावं लागतं. मला हा तोटा वाटत नाही. मुलाला रेघ मोठ्यानं वाचायला लावली की त्याला वाक्य स्वतः जुळवावं लागतं, आणि जुळलं नाही तर रेघ चुकली हे त्याचं त्यालाच कळतं. संकल्पनाचित्रांवर आपल्याकडे गंभीर काम झालेलं आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मीना खरटमल आणि नागार्जुन जी. यांनी रेघेवरचे शब्द ढिले राहू नयेत म्हणून ते ठरावीक आणि काटेकोर ठेवण्याचा मार्ग मांडला आहे. विज्ञानाला तो योग्यच. इतिहासाच्या तासाला मात्र मी मुलांना त्यांच्या शब्दांत लिहू देईन.

सगळं सगळ्याशी जोडायचं, असाही याचा अर्थ नव्हे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली, झाकिर हुसेन समितीनं नयी तालीमचा आराखडा केला. त्यातलं समवायाचं तत्त्व आजच्या माइंड मॅपच्या फार जवळचं होतं. मधोमध चरखा किंवा शेती, त्यातून गणित, भूगोल, इतिहास, समाज. विदर्भातल्या मुलाला कापसापासून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत नेणं किती स्वाभाविक! पण पुढे प्रत्येक धड्याचा समवाय दाखवायची सक्ती झाली आणि शिक्षक ओढूनताणून संबंध लावू लागले. ज्या रेघेवर क्रियापद लिहिता येत नाही ती पुसावी. हा एवढा नियम तेव्हा पाळला असता तर समवायाची इतकी टिंगल झाली नसती.

आता पुराव्याच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा भाग. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिकी आणि ब्लंट यांचा एक निबंध आला आणि आमच्यासारख्या नकाशाप्रेमींची झोप उडाली. विद्यार्थ्यांना विज्ञानाचा एक उतारा दिला. काहींनी तो समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. काहींनी उतारा वाचला, बाजूला ठेवला, आठवेल तेवढं लिहून काढलं, परत वाचलं, परत लिहिलं. आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. मुद्दे लक्षात ठेवण्यातच नव्हे, तर्क लावायच्या प्रश्नांतही. एवढंच काय, परीक्षेत संकल्पनाचित्रच काढायला सांगितलं तरी तेच पुढे राहिले.

यावरून नकाशे गुंडाळून ठेवावेत, असं काहींनी जाहीर करून टाकलं. पण त्याच दोघांनी २०१४मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. या वेळी संकल्पनाचित्र उतारा बाजूला ठेवून, आठवून काढायचं होतं. तसं काढल्यावर ते आठवून परिच्छेद लिहिण्याइतकंच उपयोगी ठरलं. म्हणजे दोष आकृतीचा नव्हताच, उघड्या पुस्तकाचा होता.

या निष्कर्षाच्या उजेडात आपल्या शाळा पाहा. काही वर्षांपूर्वी ज्ञानरचनावादाची लाट आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी गेल्या आणि परत येऊन त्यांनी आपापल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या. लोकवर्गणीतून, पदरमोड करून, सुट्टीत बसून. त्या धडपडीला मी नावं ठेवणार नाही. लहान मुलं बाकावरून उतरून जमिनीवर बसली हेच मोठं काम होतं. पण त्या फरशांवर शब्दांची जाळी, फांद्या, चौकटी ऑइलपेंटमध्ये काढल्या गेल्या. मुलांनी काढायच्या आणि पुसायच्या आकृत्या आपण पुसता न येणाऱ्या रंगात पक्क्या केल्या. खडूनं काढल्या असत्या तर खर्चही वाचला असता.

दहावीची भाषेची कृतिपत्रिका आली तेव्हा तिचा हेतू पाठांतर कमी करणं हा होता. उताऱ्याखाली ‘आकृती पूर्ण करा’ असतं: मध्ये एक गोल, चार बाण, चार रिकाम्या चौकटी. उतारा समोर छापलेला. मूल उताऱ्यातले चार शब्द उचलून चार चौकटींत ठेवतं. रेघांवर काही लिहायचं नसतं, कोणती चौकट कोणत्या चौकटीशी जोडायची ते विचारलेलं नसतं, किती चौकटी हव्यात हेसुद्धा प्रश्न काढणाऱ्यानंच ठरवलेलं असतं. गाळलेल्या जागा भरा, एवढंच ते काम, फक्त गोल करून मांडलेलं. गाइडांनी मग अशा आकृत्या भरून विकायला घेतल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मागणी तशी होती.

साहित्याचा प्रश्न मला नेहमी विचारतात. यासाठी संगणक लागत नाही. फ्रीमाइंडसारखी फुकट सॉफ्टवेअरं आहेत, चांगली आहेत, पण ती फांद्या आपणहून नीटनेटक्या मांडून देतात आणि कोणता शब्द कुठे, किती लांब, हे ठरवायची खटपट वाचवतात. विद्यार्थ्याच्या बाबतीत मला ती खटपटच हवी आहे. पाठकोरे कागद पुरतात. जुन्या कॅलेंडरची पानं चालतात. फक्त कालनिर्णय चालत नाही, त्याच्या पाठीमागे लेख आणि पाककृती असतात.

मर्यादाही सांगायला हव्यात. ही पद्धत डोळ्यांवर फार विसंबते, त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती जशीच्या तशी देणं अन्यायाचं आहे; त्याच्यासाठी दोर आणि खिळ्यांची पाटी करता येते किंवा जोडण्या तोंडी वाक्यांत घेता येतात. गणितातली सिद्धता, व्याकरणातला संधिविग्रह, प्रयोगाची कृती, जिथे पायरीमागून पायरी यावी लागते, तिथे ओघतक्ता बरा. कवितेचा तर माइंड मॅप काढूच नये असं माझं मत आहे. कवितेतल्या शब्दांमधली रेघ कवीनं मुद्दाम पुसलेली असते.

आता मागण्या. शिक्षकांना माझी विनंती एवढीच, की धडा संपला की शेवटची दहा मिनिटं पुस्तकं मिटायला लावा आणि प्रत्येकाला कोऱ्या कागदावर एक शब्द देऊन नकाशा काढू द्या. मग पुस्तक उघडून वेगळ्या रंगानं दुरुस्ती करू द्या. दुरुस्तीचा रंग किती दिसतो त्यावरून तुम्हाला उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळेल, चाचणी परीक्षेची वाट पाहावी लागणार नाही. हे कागद तपासू नका, सजवू नका आणि शाळेच्या दर्शनी भागात तर मुळीच लावू नका.

आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना, मंडळावर असणाऱ्यांना, ज्यांपैकी काहीजण आज समोर बसलेले मला दिसताहेत, त्यांना वेगळी विनंती. एका विषयात, एका वर्षी, पाच गुणांचा एकच प्रश्न असा काढून बघा. पान कोरं, मधोमध एक शब्द. खाली सूचना: किमान सहा कल्पना मांडा, प्रत्येक रेघेवर संबंध लिहा, दोन वेगळ्या फांद्यांना जोडणारी एक तरी रेघ काढा. नोवाक आणि गोविन आडव्या दुव्याला दहा गुण देत होते. तुम्ही दोन द्या. तपासनिसांना उत्तरसूची देता येणार नाही, ही अडचण मला ठाऊक आहे. त्यासाठी त्यांना आधी एकदा एकत्र बसवून स्वतःला असा एक नकाशा काढायला लावावा लागेल. मंडळानं ते येत्या उन्हाळ्यात करावं.